हैदराबादच्या दफ्तरांतील मराठी घराणी
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

श्राद्धाच्या संकल्पात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा नामोच्चार करण्याची आपल्याकडे परंपरा आहे. बहुतेक कुटुंबांच्या स्मरणाची सीमाही तेवढीच असते. चौथ्या पिढीचे नाव विचारले की घरातील वडीलधारी माणसेसुद्धा क्षणभर थांबतात, आणि पाचव्या पिढीविषयी बहुधा एखादी दंतकथाच तेवढी सांगता येते. त्यापलीकडचा पूर्वज शोधावयाचा असेल तर कागदाला शरण जावे लागते. पुणे, सातारा किंवा कोकण येथील घराण्यांना हा कागद पेशवे दफ्तरात, इनाम कमिशनपुढे दिलेल्या कैफियतींत, अथवा स्वकुळाच्या छापील कुलवृत्तांतात सापडण्याचा संभव असतो. मराठवाड्यातील घराण्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या पूर्वजांचा माग गोदावरीच्या काठावरून निघतो आणि मुसी नदीच्या काठी, हैदराबाद शहरात येऊन पोहोचतो.

असे का व्हावे, हे इतिहास पाहिला म्हणजे उघड होते. १७२४ पासून १९४८ पर्यंत, म्हणजे सव्वादोनशे वर्षांहून किंचित कमी काळ, हा प्रदेश आसफजाही अंमलाखाली होता. या काळात निजामाशी मराठ्यांची युद्धे झाली, तह झाले, चौथाईच्या वसुलीवरून अखंड वाद चालला. तरीही गावचा पाटील मेला आणि त्याच्या वतनावर कोणी बसावयाचे असा प्रश्न निर्माण झाला, तर त्याचा शेवटचा निकाल निजामाच्या दिवाणाच्या कचेरीत व्हावयाचा. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये हैदराबाद राज्याचे भाषावार विभाजन झाले. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे, त्यांच्या लगतच्या काही तालुक्यांसह, मुंबई राज्यात आले. जमिनीची वाटणी नकाशावर रेघ ओढून करता येते. जुन्या दफ्तराची तशी करता येत नाही. एकाच बाडात नांदेडचे पान असते, त्याच्या पाठीमागे वरंगळचे आणि त्याखाली रायचूरचे. म्हणून मध्यवर्ती कागदांचा फार मोठा भाग हैदराबादेसच राहिला. तो आंध्र प्रदेशाच्या पुराभिलेखागाराकडे गेला आणि २०१४ नंतर तेलंगण राज्याच्या पुराभिलेखागाराकडे आला. तारनाका येथील त्या इमारतीत आज तो जतन केलेला आहे.

या दफ्तराचा जन्म कसा झाला, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. कारण कागद कोणत्या हेतूने लिहिला गेला हे कळल्याशिवाय तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, याचा उलगडा होत नाही. अठराव्या शतकात निजामाच्या राज्यात महसुलाचे हिशेब राखणारी दोन मोठी दफ्तरे होती. दफ्तर-ए-दिवाणी या दफ्तराकडे मुख्यतः पश्चिमेकडील मराठी मुलुखाचे काम असे, आणि ते राय रायान या महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्याच्या ताब्यात होते. दफ्तर-ए-माल याकडे मुख्यतः पूर्वेकडील तेलंगणाचे काम असे. ते मालवाला या माथूर कायस्थ घराण्याकडे होते. दोन्ही पदे वंशपरंपरागत होती. दफ्तरदार म्हणजे केवळ कारकून नव्हे. कोणत्या जहागिरीचा आकार किती, कोणाचे मनसब किती, कोणत्या इनामाची सनद खरी आणि कोणती बनावट, हे सांगणारा कागद त्याच्या वाड्यात असे. साहजिकच राज्याची खरी किल्ली त्याच्या कमरेला असे. दिवाण बदलत, परंतु दफ्तरदार आपल्या जागी राहत असत.

१८५३ साली पहिले सालारजंग दिवाण झाले तेव्हा त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते. राज्य कर्जात बुडालेले होते, आणि त्याच वर्षी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झालेला होता. राज्याचे उत्पन्न किती आणि देणे किती, हे दिवाणाला स्वतःच्या कचेरीत बसून समजण्याची सोय नव्हती. सालारजंगांनी ज्या सुधारणा केल्या त्यांत दफ्तरदारांच्या वाड्यांतील अधिकार सरकारी कचेरीत आणणे ही एक महत्त्वाची सुधारणा होती. पुढे १८६५ मध्ये जिल्हाबंदी झाली, देशमुख-देशपांड्यांकडून वसुलीचे काम काढून घेण्यात आले आणि त्यांना त्याबद्दल रोख रुसूम बांधून देण्यात आला. हैदराबादच्या पुराभिलेखागाराचे मूळ या घडामोडींत आहे. ज्ञानाच्या जिज्ञासेतून ते निघालेले नाही. रिकाम्या खजिन्याच्या चिंतेतून निघालेले आहे. तथापि त्याचा एक परिणाम फार मोलाचा झाला. जो कागद एका कुटुंबाची मालमत्ता होता, तो राज्याची मालमत्ता झाला. आणि राज्य प्रजेचे झाले तेव्हा तो प्रजेचा झाला.

जगाच्या इतिहासातही ही वाट अशीच वळणावळणाने गेलेली आहे. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात, १७९४ साली, सरकारी दफ्तर पाहण्याचा हक्क नागरिकाला आहे हे तत्त्व कायद्याने मान्य झाले. आपल्याकडे इंग्रज सरकारने मध्यवर्ती अभिलेख खाते कलकत्त्यास स्थापले ते १८९१ मध्ये. योगायोग असा, की त्याच १८९१ साली हैदराबादेत सय्यद हुसेन बिलग्रामी यांच्या पुढाकाराने आसफिया ग्रंथालय सुरू झाले. १९३६ मध्ये ते अफझलगंज येथे मुसीच्या काठावरील भव्य इमारतीत गेले, आणि १९५५ च्या सुमारास राज्य मध्यवर्ती ग्रंथालय या नात्याने सर्वांना खुले झाले. दफ्तर आणि ग्रंथालय ही दोन घरे अशा रीतीने जवळजवळ एकाच काळात लोकांसाठी उघडू लागली.

आता या दफ्तरात मराठी घराण्यांविषयी काय सापडते ते पाहू. सर्वांत जुना मोठा साठा मोगलांच्या दख्खन सुभ्याचा आहे. शहाजहान आणि औरंगजेब यांच्या कारकिर्दींतील सुमारे दीड लाख कागद येथे आहेत. ते मूळचे औरंगाबादेचे. तेथील किल्ले अर्क या वास्तूत ते पडून होते आणि पुढे हैदराबादेस आणले गेले. त्यांतील निवडक कागद १९५० आणि १९५८ मध्ये दोन ग्रंथांच्या रूपाने प्रसिद्ध झाले. त्या कागदांत ‘अर्ज-ओ-चेहरा’ नावाचा एक प्रकार आहे, आणि वंशावळीच्या अभ्यासकाला तो विशेष उपयोगी आहे. मनसबदाराच्या पदरी असलेला स्वार खरा की नुसता कागदावरचा, याची खात्री करण्यासाठी मोगल बक्षी प्रत्येक स्वाराचे वर्णन लिहून ठेवीत असे. स्वाराचे नाव, बापाचे नाव, जात किंवा कौम, राहण्याचे ठिकाण, वर्ण, उंची, अंगावरचे व्रण, आणि त्याबरोबर घोड्याचा रंग व डाग, एवढा तपशील त्यात येई. मराठीत आपण ‘चेहरेपट्टी’ म्हणतो तो शब्द याच पद्धतीची आठवण आहे. बखरीत ज्यांना स्थान मिळाले नाही, पोवाड्यात ज्यांचे नाव आले नाही, अशा साध्या शिपायांचे चेहरे या पट्ट्यांवर उमटलेले आहेत. सरदारांची चरित्रे ‘मआसिर-उल-उमरा’सारख्या ग्रंथात आहेत, शिपायाचे चरित्र असे एका ओळीचे असले तरी त्याच्या वंशजाला ते अमूल्यच वाटेल.

दुसरा मोठा भाग इनाम, जहागीर, मनसब आणि रुसूम यांच्या चौकशीचा. निजामाच्या राज्यात जहागीरदार किंवा इनामदार मृत्यू पावला म्हणजे त्याची जागा मुलाकडे आपोआप जात नसे. सरकारची मंजुरी लागत असे. वारसाची अशी चौकशी ‘विरासत’ या नावाने चाले. दावेदाराला आपली वंशावळ, म्हणजे ‘शजरा’, दाखल करावी लागे. साक्षीदार द्यावे लागत. भाऊबंद हरकत घेत. दत्तक खरा की खोटा याचा खल होई. अखेरीस जो निर्णय होई त्याचा उतारा ‘मुंतखब’ या नावाने दिला जाई, आणि त्यात मूळ इनामदार, त्याचे वारस व हिस्सेदार यांची नावे येत. मराठवाड्यातील अनेक जुन्या घरांत पेटीच्या तळाशी उर्दू लिपीतला एखादा मुंतखब आजही जपून ठेवलेला असतो. घरात कोणाला तो वाचता येत नाही. परंतु ‘हा आपल्या जमिनीचा कागद आहे’ एवढे सर्वांना ठाऊक असते. जहागिरी १९४९ च्या ऑगस्टमध्ये नाहीशा झाल्या, इनामे त्यानंतर काही वर्षांनी गेली. पण त्यांच्या निमित्ताने लिहिल्या गेलेल्या वंशावळी मात्र मागे राहिल्या.

या ठिकाणी एका गोष्टीचे भान ठेवणे अवश्य आहे. शजरा हा भांडणाचा कागद आहे. जो हिस्सा मागत होता त्याची शाखा तीत ठळक दिसते. ज्याने काही मागितले नाही, अथवा जो गाव सोडून गेला, त्याची शाखा मध्येच खुंटलेली दिसते. वंशावळीत एखाद्या नावापुढे ‘निःसंतान’ असे लिहिलेले आढळले, तर ते सत्य असेलच असे नाही. ते प्रतिपक्षाचे म्हणणेही असू शकेल. तसेच शजऱ्यात स्त्रिया सहसा नसतात. मुलगी, बहीण, सून यांची नावे गळालेली असतात. अपवाद एकच: पती निपुत्रिक वारला आणि विधवेने दत्तक घेतला, तर त्या बाईचे नाव, तिचा अर्ज, क्वचित तिचा जबाबही त्या चौकशीत येतो. ज्या घराण्यात सर्व काही सुरळीत चालले त्या घराण्यातील स्त्रिया कागदावर निनावी राहिल्या, आणि जेथे संकट आले तेथील स्त्रिया नावानिशी उरल्या. दफ्तराचा हा विचित्र न्याय अभ्यासकाने ओळखून असावे.

हैदराबादचे कागद आणखी एका कारणासाठी आवश्यक आहेत. अनेक मराठी घराण्यांच्या शाखा दोन दरबारांत विभागल्या गेल्या होत्या. धनाजी जाधव हे मराठ्यांचे सेनापती. त्यांचे पुत्र चंद्रसेन हेही प्रथम शाहू महाराजांचे सेनापती होते. १७११ मध्ये बाळाजी विश्वनाथांशी त्यांचे वितुष्ट आले, पुढे ते निजामाकडे गेले, आणि भालकीची जहागीर त्यांना मिळाली. निंबाळकरांचे मूळ घराणे फलटणचे. परंतु त्याच कुळातील रंभाजी निंबाळकर निजामाच्या पक्षात गेले आणि ‘रावरंभा’ हा किताब त्यांच्या वंशात चालला. करमाळ्याच्या कमलाभवानीच्या मंदिराशी या घराण्याचे नाव जोडलेले आहे. पुण्याच्या कागदांत अशा शाखांचा उल्लेख येतो तो बहुधा शत्रूपक्ष म्हणून, आणि तोही लढाईच्या प्रसंगापुरता. त्यांचे लग्नसंबंध, वारस, दत्तक, कर्ज आणि जहागिरीचे हिस्से हे सारे हैदराबादच्या बाजूला आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी संकलित केल्या आणि १९५७ मध्ये त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्या ग्रंथाचे ऋण प्रत्येक अभ्यासकावर आहे. परंतु एका वृक्षाच्या फांद्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना गेल्या असतील, तर एका अंगणात उभे राहून त्या सर्व मोजता येत नाहीत.

दफ्तराच्या जोडीला छापील ग्रंथांची साक्षही काढली पाहिजे, आणि येथे सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्य सुरू होते. माणिकराव विठ्ठलराव या गृहस्थांचे नाव मराठी वाचकांना फारसे परिचित नाही. नावावरून उघडच महाराष्ट्रीय असलेल्या या लेखकाने ‘बुस्तान-ए-आसफिया’ हा हैदराबादचा प्रचंड इतिहास उर्दूत लिहिला. १९०९ पासून पुढे सुमारे दोन तपे त्याचे भाग निघत राहिले आणि एकूण सात झाले. अधिकारी, उमराव, नेमणुका, कचेऱ्या, रस्ते, इमारती यांची इतकी माहिती त्यात आहे, की शहराच्या स्थानिक इतिहासाचा तो कोशच म्हणावा. कृष्णस्वामी मुदिराज यांचा ‘पिक्टोरियल हैदराबाद’ हा इंग्रजी ग्रंथ दोन खंडांत आहे, आणि त्यात शहरातील घराण्यांचे सचित्र परिचय दिलेले आहेत. अशा ग्रंथांतील मजकूर पुष्कळदा त्या त्या कुटुंबाने स्वतः पुरविलेला असतो. तेव्हा त्यातील गौरवाचा भाग वजा करून नावे आणि सालेच तेवढी घ्यावीत, आणि तीही दफ्तराच्या कागदाशी ताडून पाहावीत.

हैदराबादच्या मराठी समाजाचे स्वतःचे ग्रंथालयही या दृष्टीने दुर्लक्षिण्यासारखे नाही. शालीबंड्यातील भारत गुणवर्धक संस्था ही १८९५ ची. सुलतान बाजार, इसामिया बाजार या भागांत मराठी ग्रंथसंग्रहालय वाढले, आणि १९३७ मध्ये मराठी साहित्य परिषदेची स्थापना झाली. निजामी अमलात सभा-संमेलनांवर कडक निर्बंध होते; त्या काळात ग्रंथालय हे वाचनाचे ठिकाण होतेच, शिवाय लोकांनी एकत्र येण्याचे जवळजवळ एकमेव ठिकाण होते. अशा संस्थांची जुनी इतिवृत्ते, वर्गणीच्या वह्या, देणगीदारांच्या याद्या आणि स्मरणिका ही स्थानिक इतिहासाची अस्सल साधने होत. कोणते कुटुंब कोणत्या मोहल्ल्यात कोणत्या साली राहत होते, याचा पुरावा सनदेत मिळत नाही. तो दोन आण्यांच्या वर्गणीच्या पावतीत मिळतो.

हे सर्व साहित्य हाती आले, तरी ते वाचावयाचे कसे, हा खरा प्रश्न आहे. पहिली अडचण कालगणनेची. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. तेच वर्ष शकाने १६८२, हिजरीने ११७४, दख्खनच्या फसलीने ११७० आणि मराठी कागदांतील शुहूर सनाने ११६१ होते. म्हणजे फसली आणि शुहूर यांत नऊ वर्षांचे अंतर पडते. फसली सनात स्थूलमानाने ५९० किंवा ५९१ मिळवावे, शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे, म्हणजे इसवी सन येतो. कागदावर नुसते ‘सन ११७०’ एवढेच असेल आणि वाचणाऱ्याने एकाच्या जागी दुसरा सन धरला, तर बापाच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी त्याच्याच सहीचे पत्र निघाले, असा चमत्कार घडतो. त्यात निजामी राज्यातील फसली वर्षाचे महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे इराणी नावांचे. त्यांचा आरंभ उत्तरकाळात ऑक्टोबरात होत असे. हे कोष्टक जवळ असल्यावाचून या दफ्तरात पाऊल टाकू नये.

दुसरी अडचण लिपीची. मोगल आणि आसफजाही काळातील फारसी कागद बहुधा शिकस्ता वळणाने लिहिलेले आहेत. घाईने लिहिणारा मुनशी अक्षरांचे नुक्ते गाळतो. फारसी लिपीत ‘नाना’ आणि ‘बाबा’ या दोन शब्दांची आकृती एकच. भेद काय तो नुक्त्यांचा. ‘बापू’ आणि ‘बाबू’ यांचेही तेच. ज्या समाजात घराघरातून नाना, बाबा आणि बापू नांदत होते, त्या समाजाची नावे नुक्त्यांवाचून लिहिली गेली म्हणजे काय गोंधळ होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. मोडी कागदाचे दुखणे निराळे. तेथे ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत, आणि लेखक अनेक नावे संक्षेपाने लिहितो. शिवाय नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याची आपली चाल. रामाजीचा शामाजी, शामाजीचा रामाजी, त्याचा पुन्हा शामाजी. आडनाव लिहिण्याची पद्धत नाही. असा कागद वाचताना दोन रामाजी एक झाले, तर मधल्या दोन पिढ्या वंशावळीतून सहज उडून जातात.

तिसरी अडचण गावाच्या प्रकाराची. पूर्वीच्या हैदराबाद राज्यातील सुमारे ६० टक्के मुलूख दिवाणी म्हणजे सरकारी, सुमारे १० टक्के सर्फ-ए-खास म्हणजे निजामाच्या खाजगीचा, आणि उरलेला जहागीरदार, पायगावाले व संस्थानिक यांचा होता. प्रत्येकाची कचेरी वेगळी, प्रत्येकाचे दफ्तर वेगळे. आपले गाव १९४९ पूर्वी कोणाकडे होते, हे ठाऊक नसलेला मनुष्य हैदराबादेस कितीही फेऱ्या घालील, पण चुकीच्या कपाटासमोरच उभा राहील. म्हणून शोधाचा आरंभ गावातूनच केला पाहिजे. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, त्याआधीच्या जमाबंदीची सेतवार, शाळेचे प्रवेशपुस्तक, जन्ममृत्यूची नोंद, हे सारे प्रथम पाहावे. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. आपला पूर्वज तेथे गेला असेल, तर त्याने स्वतः सांगितलेली पिढ्यांची नावे तेथे मिळतात, आणि त्यात जमिनीचा लोभ नसल्यामुळे ती पुष्कळदा शजऱ्याहून अधिक विश्वसनीय असतात. दक्षिणेकडील जिल्ह्यांत हेळवी घरोघर फिरून वंश सांगतात. त्यांचे म्हणणेही टिपून घ्यावे. एवढी शिदोरी घेऊन मग हैदराबादची वाट धरावी.

हा विषय केवळ हौशी संशोधकांचा आहे, असे कोणी समजू नये. ७ सप्टेंबर २०२३ रोजी महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, आणि मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधात निजामकालीन कागद पाहण्यासाठी हैदराबादपर्यंत प्रवास झाला. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेण्याचे ठरले, आणि गावपातळीवरील चौकशीचा मार्ग आखला गेला. त्या वादाच्या गुणदोषांत शिरण्याचे हे स्थान नव्हे. परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. गॅझेटियरमध्ये जातींची संख्या असते; माणसाचे नाव नसते. अमुक जिल्ह्यात अमुक जातीचे इतके लोक होते, या वाक्यापासून ‘माझे पणजोबा त्यांतलेच’ या वाक्यापर्यंत पोहोचावयाचे, तर मध्ये एकेका पिढीचा कागद लागतो. तो कागद मोडीत, उर्दूत किंवा फारसीत आहे. लाखो सामान्य माणसांचे शिक्षण आणि नोकरी ज्या प्रश्नावर अवलंबून आहे, त्याचे उत्तर मूठभर लिपिज्ञांच्या हाती यावे, ही परिस्थिती चिंता वाटावी अशी आहे. या दफ्तराची किल्ली एके काळी दफ्तरदाराच्या कमरेला होती, हे आपण पाहिले. दफ्तर सार्वजनिक झाले. पण वाचणारेच उरले नाहीत, तर ती किल्ली पुन्हा थोड्यांच्याच हाती जाईल, आणि खोटी वंशावळ तयार करून देणाऱ्यांचा बाजार भरेल.

पूर्वीच्या पिढीत अशी माणसे होती. निलंग्यात १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबाद राज्याच्या सेवेत होते. मराठीबरोबर उर्दू, फारसी, तेलुगू यांवर त्यांचे प्रभुत्व होते, आणि मोगल दरबारची बातमीपत्रे मराठीत आणून त्यांनी आपल्या इतिहासाला एक नवा साक्षीदार मिळवून दिला. त्यांच्या काळी हैदराबादेत शिकलेल्या मराठी मुलाला उर्दू येणे ही नित्याची गोष्ट होती, आणि घरातील वडिलांना मोडी येत असे. ती जोडी आता दुर्मीळ झाली आहे. अलीकडे तारनाका येथील फारसी कागदांची दुरुस्ती आणि त्यांच्या प्रतिमा घेण्याचे काम नूर आंतरराष्ट्रीय मायक्रोफिल्म केंद्राच्या सहकार्याने हाती घेण्यात आले, ही समाधानाची बाब आहे. परंतु प्रतिमा कागद टिकविते, वाचीत नाही.

मग करावे काय? न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात स्थानिक इतिहास आणि वंशावळी यांचा स्वतंत्र विभाग आहे, आणि कोणीही सामान्य वाचक तेथे जाऊन आपल्या पूर्वजांचा शोध घेऊ शकतो. आपल्या जिल्हा ग्रंथालयांना तेवढा खर्च झेपणार नाही, हे मान्य. पण एक कपाट तरी झेपेल. त्यात आपल्या तालुक्यातील घराण्यांनी आपापल्या सनदा, मुंतखब, महजर आणि करीने यांच्या प्रती आणून द्याव्यात. मूळ कागद घरीच ठेवावेत. प्रत्येक प्रतीवर गावाचे नाव, ते दिवाणी होते की जहागिरीचे याची नोंद, आणि मूळ सन जसा आहे तसा लिहावा. सनांचे कोष्टक भिंतीवर लावावे. वर्षातून एकदा मोडीचा आणि एकदा उर्दू-फारसीचा वर्ग भरवावा, आणि त्या वर्गात पुस्तकातले धडे न घेता त्याच गावचे कागद वाचावयास द्यावेत. स्वतःच्या आजोबांच्या नावाचे अक्षर ओळखण्यात जी गोडी आहे ती दुसऱ्या कोणत्याही धड्यात नाही.

हैदराबादच्या मराठी संस्थांना तर याबाबतीत दुहेरी संधी आहे. दफ्तर त्यांच्या शहरात आहे, उर्दू त्यांच्या शेजारात आहे, आणि मराठी त्यांच्या घरात आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्या अभ्यासकाला दोन दिवसांचा मुक्काम, एखादा उर्दू जाणणारा सोबती आणि कोणत्या कचेरीचे कागद कोठे आहेत याची एक छापील यादी, एवढे साह्य जरी त्यांनी दिले, तरी नांदेडच्या किंवा बीडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाला प्रपितामहाच्या पलीकडचे नाव सांगता येईल, आणि ते नाव कोणत्या बाडात, कोणत्या पानावर आहे, हेही दाखविता येईल.